मांजराला धाप लागली तर : थांबायचे की धावायचे?

वस्तीत आरोग्य शिबीर लावले की रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून झाल्यावर एखादी बाई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "ताई, आमचं मांजर कालपासून धापा टाकतंय. त्याला काय द्यावं?" विचारताना ती थोडी लाजते. माणसांच्या दवाखान्यात मांजराचे काय विचारायचे, असे तिला वाटते. यात लाजण्यासारखे काही नाही. उंदरांपासून धान्य राखणारे, म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी झोपणारे, पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलेले ते जनावर त्या घरातलेच असते.

आम्ही तिला आधी एकच प्रश्न विचारतो, "मिनिटाला किती श्वास घेतंय?" बहुतेक वेळा याचे उत्तर नसते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात तापमान, नाडी आणि श्वास मोजायला शिकवतात. त्यातला श्वास मोजणे सर्वांत सोपे, आणि वॉर्डात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच. मांजराच्या बाबतीत तर हा एक आकडा जीव वाचवू शकतो. म्हणून या अंकात हा धडा.

मांजर दुखणे लपवते

कुत्रा धापतो, जीभ बाहेर काढतो, त्यात विशेष काही नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची ती त्याची रोजची पद्धत आहे. मांजराचे तसे नाही. मांजर नाकाने, तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेते. स्वस्थ बसलेले मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर ते संकटात आहे असेच समजावे.

दुसरी गोष्ट अशी की मांजर शिकार करते, तसे स्वतःही मोठ्या जनावराची शिकार होऊ शकते. अशक्तपणा दाखवणे त्याला परवडत नाही. म्हणून दम लागू लागला की ते ओरडत नाही. खेळणे कमी करते, उड्या मारणे सोडते, पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसते. घरच्यांना वाटते, वय झाले, आळशी झाले. धाप उघड दिसू लागते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य अशा वेळी महागात पडते.

श्वास मोजायला शिका

मांजर गाढ झोपेत किंवा शांत पडलेले असताना मोजावे. नुकतेच खेळून आलेले, घाबरलेले किंवा घुरघुर करत असलेले मांजर मोजू नये, आकडा चुकतो. थोडे लांब बसून त्याच्या छातीकडे किंवा कुशीकडे पाहा. छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास. मोबाइलवर ३० सेकंद लावा, श्वास मोजा, आलेल्या आकड्याची दुप्पट करा. १२ श्वास आले तर मिनिटाला २४.

• झोपेत मिनिटाला १५ ते ३० : ठीक.
• झोपेत ३० च्या वर : अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच किंवा वाढलेला आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
• शांत बसलेले किंवा झोपलेले असताना ४० च्या वर : वाट न पाहता निघा.

मांजर निरोगी असतानाच आठवड्यातून एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. ज्याचा नेहमीचा आकडा १८ आहे, त्याचा २८ झाला तर तो नियमात बसला तरी आपण सावध व्हायचे. घरात पाचवी-सहावीतले मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. ते मनापासून करते, आणि गुणाकारही पक्का होतो.

आकड्याबरोबर काय पाहायचे?

तोंड : मिटलेले आहे की उघडे? एक अपवाद लक्षात ठेवा. दुसऱ्या जनावराचा वास घेतल्यावर मांजर क्षणभर तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ वर ओढून थांबते. तो वास घेण्याचा प्रकार आहे, काही सेकंदांत संपतो. फार दांडगाई केल्यावर पिल्लूही क्षणभर धापते. पण मिनिटा-दोन मिनिटांत तोंड मिटले नाही, तर ते खेळाचे नव्हे.

पोट : चांगल्या श्वासात छाती आणि पोट अलगद, एका वेळी हलतात. पोट लोहाराच्या भात्यासारखे आत-बाहेर होत असेल, किंवा छाती वर येताना पोट आत ओढले जात असेल, तर मांजर श्वासासाठी झगडते आहे.

बसण्याची ढब : धाप लागलेले मांजर कुशीवर पडत नाही. छातीवर दबून बसते, पुढच्या पायांचे कोपर अंगापासून बाहेर काढते, मान पुढे ताणते. झोप येत असूनही डोके टेकवत नाही. ही ढब एकदा ओळखता आली की लांबूनही कळते.

हिरड्या : ओठ अलगद वर करून पाहा, पण मांजर घाबरत असेल तर आग्रह करू नका. गुलाबी असल्या तर बरे. पांढरट म्हणजे रक्त कमी किंवा झटका बसलेला. निळसर, जांभळट किंवा राखाडी म्हणजे प्राणवायू पोचत नाही. चॉकलेटी म्हणजे विषबाधेचा संशय. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. अशा वेळी जिभेचा रंग पाहावा.

आवाज : शिट्टीसारखा, घोरल्यासारखा किंवा बुडबुड्यांचा आवाज नवा असेल तर लक्ष द्या. आवाज अजिबात नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नका. छातीत पाणी झालेले मांजर गुपचूप धापते.

ताबडतोब निघा

यांतले एक जरी लक्षण दिसले तरी रात्र आहे की रविवार, हे न पाहता निघायचे :

१. स्वस्थ असताना तोंड उघडून श्वास.
२. जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी, चॉकलेटी किंवा पांढऱ्याफटक.
३. पोटाने ओढून श्वास, कोपर बाहेर, मान ताणलेली.
४. स्वस्थ असताना मिनिटाला ४० च्या वर श्वास.
५. उंचावरून पडल्यावर, वाहनाचा धक्का लागल्यावर किंवा कुत्र्याने धरल्यावर बदललेला श्वास.
६. धापेबरोबर मागचे पाय अचानक लुळे, थंडगार आणि मांजराचा जोराचा आक्रोश.
७. धापेबरोबर चक्कर, कोसळणे, तोंडातून फेस किंवा रक्त.

त्याच दिवशी दाखवायची लक्षणे वेगळी : झोपेतला आकडा वाढत चाललेला, पुन्हा पुन्हा खोकला, दिवसभर खाणे बंद, चिकट शेंबूड आणि डोळ्यांना चिपडे, चार पायऱ्या चढून बसून घेणे. एखाददुसरी शिंक आली, मांजर खाते-पिते आहे, आकडा नेहमीचा आहे, तर एक-दोन दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही.

यामागे काय असू शकते?

रोगाचे नाव शोधणे हे डॉक्टरांचे काम. पण काही कारणे माहीत असली तर आपण वेळ वाया घालवत नाही.

दमा : माणसांसारखा मांजरांनाही दमा होतो. मांजर जमिनीलगत दबते, मान लांब करते, खोकते, पण बाहेर काहीच पडत नाही. घरचे म्हणतात, "केस अडकलेत." केसांचा गोळा असेल तर पोट उचंबळते आणि उलटीतून तो कधीतरी बाहेर येतो. महिनोन्महिने नुसताच खोकला म्हणजे केस नव्हेत. अशा खोकल्याचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. दमा मुळातून जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. मांजरालाही लहान बाळासारखा मास्क लावून पंप देता येतो.

छातीत पाणी किंवा पू : फुप्फुसाभोवती पाणी साचले की फुप्फुस फुलायला जागा राहत नाही. हृदयविकार, गाठ, मांजरांमधला कोरोना विषाणूपासून होणारा एफआयपी हा आजार, भांडणात झालेली खोल जखम अशी कारणे असतात. डॉक्टर सुईने पाणी काढतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच मांजर शांत श्वास घेऊ लागते. मूळ आजाराचा उपचार त्यानंतर. मांजरांचा हा कोरोना माणसांना लागणारा नव्हे. या भीतीपोटी कोणी मांजर रस्त्यावर सोडू नये.

हृदयविकार : मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो, आणि तो तरण्याताठ्या मांजरालाही होतो. कधी कधी हृदयात झालेली रक्ताची गुठळी सुटून मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकते. वर सहावे लक्षण सांगितले ते हेच. गावाकडे याला लकवा समजून तेल चोळतात, कोणी करणी म्हणून उतारा टाकतो. यात फार तीव्र वेदना असतात. तेल आणि उतारा दोन्ही सोडून दवाखाना गाठायचा.

पडणे : मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर पडते आणि त्याला काही होत नाही, हा समज खोटा आहे. पायांवर पडलेल्या मांजराचीही छाती आपटते. आत हवा शिरून फुप्फुस दबते, पोट आणि छाती यांमधला पडदा फाटतो. पडल्यावर चालत आले, दूध प्याले म्हणून निर्धास्त राहू नका. दाखवून घ्या आणि पुढचा पूर्ण दिवस श्वास मोजत राहा.

पॅरासिटामॉल : मांजराचे अंग गरम लागले म्हणून घरातली तापाची गोळी देणारे पुष्कळ आहेत. मांजराचे यकृत हे औषध पचवू शकत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेण्याचे काम सोडते, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा तुकडाही जीव घेऊ शकतो. मांजरासाठी याची सुरक्षित मात्राच नाही. गोळी दिली गेली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यावर उतारा औषध आहे, पण ते लवकर मिळावे लागते. रागावतील म्हणून लपवू नका.

उन्हाळा आणि पत्रा : विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कोंडलेले मांजर धापू लागले तर त्याला सावलीत आणा. अंग आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. बर्फाचे पाणी वापरू नका.

पिल्ले : लहान पिल्लाला पिसवा फार झाल्या तर रक्त इतके कमी होते की ते पांढरे पडते आणि धापते. सर्दीने नाक चोंदले तर वास येत नाही, म्हणून ते खातही नाही. पिल्लाच्या बाबतीत मोठ्या मांजराइतका वेळ हातात नसतो.

साप : शेतावरच्या घरातले मांजर सापाशी झुंजते. नाग किंवा मण्यार चावल्यास पापण्या जड होतात, अंग ढिले पडते, श्वास उथळ होत जातो. जखम शोधत बसू नका, निघा.

दवाखान्यात पोचेपर्यंत

हे करा :
• आधी फोन करा. "मांजराला धाप लागली आहे, आणतोय, प्राणवायूची सोय आहे का?" एवढेच विचारा. सोय नसेल तर कुठे आहे ते तिथेच विचारून घ्या.
• मांजराला शांत ठेवा. टीव्ही बंद, पोरांची गर्दी दूर, उदबत्ती आणि चूल विझवा.
• जाळीची भाजीची टोपली किंवा भोके पाडलेला खोका घ्या. तळाशी जुना कपडा, वरून सैल फडके. हवा खेळती राहिली पाहिजे.
• ते ज्या ढबीत बसेल त्याच ढबीत बसू द्या.

हे करू नका :
• पाणी, दूध, मध, हळद, काढा काहीही तोंडात घालू नका. धापणाऱ्या जनावराच्या तोंडात घातलेले थेट फुप्फुसात जाते.
• बाम, व्हिक्स, कापूर लावू नका. वाफ देण्यासाठी कोंडू नका.
• उताणे पाडून छाती दाबू नका, गोधडीत गुंडाळू नका, धरण्यासाठी झटापट करू नका. धापणारे मांजर झटापटीनेही दगावते.
• तोंडात बोट घालून चाचपू नका. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तरी ओढू नका.

श्वास कोंडलेले मांजर आपल्या माणसालाही चावते. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. मांजर कोणाच्या हाती सोपवून त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनबद्दल दाखवून या. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा समज चुकीचा आहे.

दवाखान्यात बोलायचे कसे?

हा भाग आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. आपली बाई साध्या साडीत, टोपलीत गावठी मांजर घेऊन दवाखान्यात जाते, तेव्हा तिला बाकावर बसवून ठेवल्याचे आम्ही पाहिले आहे. एका खासगी दवाखान्यात विकतच्या मांजराचे लसीकरण आधी झाले आणि आमच्या वस्तीतल्या आजीचे धापणारे मांजर मागे राहिले. आजीबरोबर नववीतली नात होती. तिने उठून वही पुढे केली : "सर, सकाळी ३६ होते, आता ५८ आहेत, तोंड उघडं आहे." डॉक्टरांनी वही पाहिली आणि हातातले काम सोडून टोपली आत घेतली. छातीतून पाणी निघाले. मांजर त्या दिवशी वाचले.

"फार बरं नाही हो त्याला" असे म्हटले की समोरचा मान डोलावतो. आकडा सांगितला की त्याला हलावे लागते. म्हणून आत जाताच चार गोष्टी सांगा : आत्ताचा श्वासाचा आकडा, धाप कधीपासून, पडले-लागले किंवा काही औषध दिले का, आणि वय. धापणाऱ्या मांजराला आधी प्राणवायू आणि विसावा, मग एक्स-रे आणि रक्ततपासणी, असा साधारण क्रम असतो. त्याला काही वेळ काचेच्या पेटीत ठेवले तर घाबरू नका, त्यात प्राणवायू सोडलेला असतो.

खर्चाचेही सरळ बोला. "आमच्याजवळ आज इतके पैसे आहेत. जीव वाचवायला आधी काय करावं लागेल, आणि नंतर काय केलं तर चालेल?" असे विचारणे हा आपला अधिकार आहे. बरे होण्याची आशा किती, हेही विचारा. कधी उत्तर मनासारखे नसते. तेव्हाही जनावराला गुदमरत घरी न आणता त्याचा त्रास कमी कसा होईल, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याच्या ठिकाणी आणि अनेक मोठ्या गावांत आहेत. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. त्यावरची फिरती पथके मुख्यतः गुराढोरांसाठी असतात, तरी जवळचा दवाखाना विचारता येतो. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे. परळ आणि नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही प्राण्यांवर उपचार होतात. आपल्या भागात रात्री कोण उघडे असते, मांजर पाहतात का, प्राणवायू आहे का, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. धाप लागल्यावर नंबर शोधायला वेळ नसतो.

आधीच घ्यायची काळजी

मांजर झोपते त्या खोलीत डासांची कॉइल, धूप, विडी-सिगारेट नको. मांजराचा दमा त्याने वाढतो, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या बाळाचाही. फिनाईलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत मांजराला लांब ठेवा. ते पंजे चाटते आणि फिनाईल त्याला विषारी आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना जाळी लावा. पिल्लाला लस द्या. फार लठ्ठ होऊ देऊ नका. घरातल्या गोळ्या डब्यात, झाकण लावून ठेवा.

शेवटी एक काम. हे पान बाजूला ठेवण्याआधी घरातले, शेजारचे किंवा जिन्यात झोपणारे एखादे मांजर शोधा. ३० सेकंद लावा आणि श्वास मोजा. आकडा, तारीख आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. खाली तीन ओळी लिहून ठेवा : ३० पर्यंत ठीक, ३० च्या वर त्याच दिवशी दाखवा, ४० च्या वर किंवा तोंड उघडे असेल तर लगेच निघा. ज्यांना वाचता येत नाही अशा शेजारणीला हे तोंडी सांगा आणि तिच्या मांजराचा श्वास तिच्याकडून एकदा मोजून घ्या.